जगभरची पारंपरिक बीन सूप्स: फासोलाडा मिळूनच आलं नाही, कुणी समजावून सांगाल का?

रानजाई

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यापासून मनात घेतलंय की वेगवेगळ्या देशांत बीन्सची जी पारंपरिक सूप्स होतात ती एकेक करून घरी करून बघायची. म्हणजे ज्यात बीन्स हाच मुख्य जिन्नस आहे अशी, भाज्यांच्या सूपमध्ये चार दाणे टाकतात तशी नाही. सुरुवात ग्रीसच्या फासोलाडापासून केली कारण साहित्य अगदी साधं, पांढरा राजमा, कांदा, गाजर, सेलरी, टोमॅटो आणि ऑलिव्ह ऑइल, ना स्टॉक ना मसाले, आणि तरी ग्रीक लोक त्याला आपली राष्ट्रीय डिश म्हणतात म्हणजे त्यात काहीतरी असणारच ना.

पण माझं जमलं नाही. राजमा रात्रभर भिजवला होता, सकाळी सगळं एकदमच पातेल्यात घातलं, टोमॅटोसकट, आणि तीन तास मंद आचेवर ठेवलं तरी साल चिवट ती चिवटच. दाणा बोटात दाबला तर दबतो पण आत कणी लागते. आणि वर लालसर पाणी वेगळं, खाली दाणे वेगळे, मिळून असं आलंच नाही. चव वाईट नव्हती पण सूप म्हणवत नव्हतं.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. दाणे का शिजले नाहीत हे एक, आणि दुसरं म्हणजे हाडांचा स्टॉक वगैरे काही न घालता या सूपांना दाटपणा आणि चव येते कुठून? मी मांस खात नाही, पण ज्यात ते असतं त्यांच्याबद्दलही वाचायला आवडेल. आणि यादी वाढवायला मदत करा, फक्त नुसती नावं नकोत, तिथे ते कसं करतात, कधी खातात ते लिहा प्लीज.

मंद_आच

रानजाई, तुमचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे, "टोमॅटोसकट". दाणा मऊ होतो म्हणजे त्याच्या पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळतं, आणि आंबट पाण्यात ते विरघळायला फार वेळ घेतं. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर, वाईन, काहीही आंबट आधी पडलं की दाणा अडून बसतो. मग तीन काय पाच तास ठेवा. म्हणून आधी दाणे नुसत्या पाण्यात पूर्ण बोटचेपे होऊ द्यायचे आणि मग टोमॅटो घालून अर्धा पाऊण तास उकळायचं.

जगात ज्यांच्या सूपात आंबटपणा आहे त्या सगळ्यांनी हे आपापल्या परीने शोधून काढलंय बघा. इटलीच्या ट्रिएस्तेत, इस्त्रियात आणि स्लोव्हेनियाच्या किनारपट्टीवर योता नावाचं सूप करतात, त्यात बीन्स, बटाटे आणि आंबवलेला कोबी असतो. तर तो कोबी बहुतेक घरी वेगळ्या भांड्यात शिजवतात आणि शेवटी एकत्र करतात. क्यूबाच्या काळ्या बीन्सच्या सूपात व्हिनेगर लागतंच, पण ते अगदी उतरवायच्या वेळी.

दुसरी शक्यता पाण्याची. पाणी जड असेल, म्हणजे कॅल्शियम जास्त असेल तर पेक्टिन आणखी घट्ट होतं. आणि तिसरी, दाणे जुने असतील. दोन वर्षं डब्यात पडलेला राजमा कितीही भिजवा, काही दाणे राहतातच.

आता दाटपणा. फासोलाडात तो दोन गोष्टींनी येतो. एक, दाण्यातून उतरलेला स्टार्च, त्यासाठी वाटीभर शिजलेले दाणे पातेल्याच्याच कडेला पळीने गरगटून घ्यायचे. आणि दोन, ऑलिव्ह ऑइल, जे बहुतेक लोक फारच कमी घालतात. ते सजावटीला नाहीये. अर्धं आधी घालून सूप खदखदू द्यायचं म्हणजे तेल आणि स्टार्चचं पाणी एकजीव होतं, रस दुधाळ दिसायला लागतो, आणि उरलेलं अर्धं कच्चंच वरून. तुम्ही किती घातलं होतंत?

उकळी

एवढं सगळं कशाला, भिजवताना चिमूटभर खायचा सोडा टाका, अर्ध्या वेळात लोणी होतात दाणे.

मंद_आच

@उकळी, होतात हे खरं आहे, कारण सोडा म्हणजे आम्लाच्या बरोबर उलट. पाणी फारच जड असेल तर मीही घालतो. पण जरा जास्त झाला की साबणासारखी चव येते, साल सुटून दाणा फुटतो आणि बी१ जीवनसत्त्वही कमी होतं. फासोलाडासारख्या सूपात जिथे दाण्याशिवाय लपायला दुसरं काही नाही तिथे ती चव लगेच कळते.

त्यापेक्षा भिजवायच्या पाण्यात मीठ घाला. लिटरला साधारण १५ ग्रॅम. मिठाने दाणे कडक होतात असं आपण ऐकत आलोय पण उलटं आहे, मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. मी दोन वाट्यांत शेजारी शेजारी भिजवून बघितलंय, एकात मीठ एकात साधं पाणी, आणि फरक डोळ्यांना दिसतो. साध्या पाण्यातल्यांची साल शिजताना फाटली होती.

पळीवाढी

छान धागा! दाटपणाचा मुद्दा काढलात म्हणून लिहितेय कारण माझ्या मते बीन सूप ओळखायचं असेल तर मसाले बघूच नयेत, त्या लोकांनी रस दाट कशाने केला ते बघावं, तिथे त्या प्रदेशाची सगळी ओळख असते.

टस्कनी घ्या. तिथल्या लोकांना बाकीचे इटालियन मांजाफाजोली म्हणतात, म्हणजे बीन्स खाणारे. त्यांचं रिबोलिता म्हणजे पांढरे कानेलिनी बीन्स, काळपट हिरव्या लांब पानांचा केल ज्याला ते कावोलो नेरो म्हणतात, कांदा गाजर सेलरी, आणि शिळा पाव. अर्धे बीन्स चाळणीतून घासून रसात, अर्धे अख्खे. पण गंमत अशी की पहिल्या दिवशी त्याला रिबोलिता म्हणतच नाहीत, ते नुसतं पावाचं सूप असतं. रात्रभर मुरलं, पावाने सगळा रस पिऊन घेतला, आणि दुसऱ्या दिवशी परत उकळलं की मग रिबोलिता, नावाचा अर्थच "पुन्हा उकळलेलं". चमचा उभा राहील इतकं घट्ट. टस्कनीचा पाव बिनमिठाचा असतो, म्हणून तो इतका रस शोषूनही सूप खारट होत नाही, दुसरा पाव वापराल तर मीठ आधी कमी धरा. हे मी दोनदा खारट झाल्यावर शिकले.

हंगेरीत पावाऐवजी पीठ लावतात. योकाई बाबलेवेश नावाचं सूप आहे, मोर योकाई या कादंबरीकाराच्या नावाने, १८२५ ते १९०४ हा त्यांचा काळ. त्यात धुरावलेलं डुकराचं मांस, सॉसेज, पाप्रिका म्हणजे त्यांची लाल मिरचीची पूड, तेलात परतलेलं पीठ आणि वरून आंबट साय. आणि चिपेत्के, म्हणजे अंड्याच्या घट्ट कणकेचे नखाएवढे तुकडे चिमटीने तोडून थेट उकळत्या सूपात सोडायचे, नाव चिमटा घेण्यावरूनच आलंय. तुम्ही मांस वगळून धुरावलेली पाप्रिका घाला, अगदी तसं होणार नाही पण वेगळं आणि चांगलं होतं.

दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्समध्ये उलट, तिथे दाट करायला फार काही नाही. सूप ओ पिस्तू हे उन्हाळ्यातलं, ताजे सोललेले बीन्स, हिरव्या शेंगा, झुकिनी, टोमॅटो. सगळी जादू शेवटी, बेसिल, लसूण आणि ऑलिव्ह ऑइल कुटून केलेलं पिस्तू गॅस बंद केल्यावर घालायचं. उकळीत घातलं तर वास उडून जातो आणि हिरवा रंग काळा पडतो.

निळा_घेवडा

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. फासोलाडा, रिबोलिता, बाबलेवेश, ही सगळी "प्राचीन" वाटणारी युरोपियन सूप्स आज ज्या बीन्सची होतात ते बीन्स युरोपचे नाहीतच. राजमा, पांढरा राजमा, काळा राजमा, पिंटो, बोर्लोत्ती, हे सगळे एकाच जातीचे भाऊबंद आणि ती जात अमेरिका खंडातली. हजारो वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी माणसाळवली, एकदा मेक्सिकोच्या बाजूला आणि एकदा अँडीज पर्वतात. कोलंबसच्या १४९२ च्या सफरीनंतर ते समुद्रापलीकडे गेले. टोमॅटोचंही तेच.

त्याआधी युरोपात आणि भूमध्य समुद्राभोवती बाकला (फावा बीन्स), चवळी, हरभरा, मसूर असायचे. म्हणून खरंच जुनं सूप खायचं असेल तर बाकल्याचं करा. मोरोक्कोत बिसारा म्हणून करतात, सोललेला सुका बाकला लसणीबरोबर शिजवून एकदम गुळगुळीत घोटायचा, वर ऑलिव्ह ऑइलची धार, जिरेपूड आणि पाप्रिका. सकाळी सकाळी पावाबरोबर खातात, थंडीत तर फारच. भिजवलेला सोललेला बाकला तासाभरात शिजतो आणि आपोआप विरघळतो, तुम्हाला सालीचा त्रासच नाही.

आणि चवळी मूळची आफ्रिकेची, तिथलं तर मला सगळ्यात आवडतं सूप आहे. नायजेरियातल्या योरुबा लोकांचं ग्बेगिरी. चवळी भिजवून, चोळून एकेक साल काढायची, मग इतकी शिजवायची की पार लगदा होतो, आणि तो लगदा इजाबे नावाच्या आखूड केरसुणीसारख्या जुडीने पातेल्यातच घुसळायचा. त्यात पाम तेल, तिखट मिरची, इरू म्हणजे आंबवलेल्या बिया. पिवळंधमक आणि मखमली. एकटं खात नाहीत, याम या कंदाच्या पिठाच्या अमालाबरोबर आणि एवेडू म्हणजे तागाच्या पानांच्या बुळबुळीत हिरव्या सूपाबरोबर एकाच ताटात वाढतात, त्या जोडीला अबुला म्हणतात. पिवळं आणि हिरवं शेजारी शेजारी, फार सुंदर दिसतं. बीन सूपांच्या याद्यांमध्ये आफ्रिका कायम राहून जाते याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून एवढं लांबण लावलं.

साधा_वाचक

एक काळजीची सूचना, कृपया कुणी हलक्यात घेऊ नका. लाल राजम्याचं सूप करणार असाल तर स्लो कुकरमध्ये कच्चा भिजवलेला राजमा थेट टाकू नका. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक प्रकारचं प्रथिन, असतं, चार पाच कच्चे दाणेसुद्धा माणसाला आजारी पाडायला पुरतात. आणि नीट न उकळता नुसता ८० अंशांच्या आसपास गरम होत राहिला तर तो कच्च्यापेक्षाही जास्त, पाचपटीपर्यंत विषारी होऊ शकतो. स्लो कुकर बऱ्याचदा तेवढ्यातच घुटमळतो.

आमच्या घरी झालंय हे. दुपारी जेवलो आणि दोन तासांत तिघांनाही उलट्या सुरू, मग जुलाब. रात्रीपर्यंत उतरलं पण लहान मूल होतं घरात, ते तास मी विसरणार नाही. आम्हाला वाटलं दाणे मऊ झालेत म्हणजे शिजलेत. मऊ होणं आणि विष जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काय करायचं ते सोपं आहे. किमान पाच तास भिजवा, ते पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात खळखळून अर्धा तास उकळा, मग हवं तर स्लो कुकर. प्रेशर कुकरमध्ये तापमान शंभराच्या वर जातं त्यामुळे तिथे नीट शिजवलेल्याची भीती नाही. डबाबंद बीन्स शिजवलेलेच असतात. पांढऱ्या राजम्यात हे लेक्टिन लाल राजम्यापेक्षा बरंच कमी असतं, पण मी तरी सगळ्यांना हाच नियम लावते.

रानजाई

साधा_वाचक, तुमचे मनापासून आभार, मला हे अजिबात माहीत नव्हतं आणि पुढच्या आठवड्यात मी लाल राजमा स्लो कुकरमध्येच टाकणार होते. आता नाही.

मंद_आच, मी तेल दोन चमचे घातलं होतं सहा जणांच्या सूपाला. आता कळलं.

पळीवाढी आणि निळा_घेवडा, किती छान लिहिलंत दोघांनी, ग्बेगिरी तर नक्की करणार. इराणच्या आश बद्दल कुणी सांगेल का, त्यात बीन्स असतात एवढंच ऐकलंय.

केशरकाडी

मी सांगते! आश रेश्ते. माझी एक इराणी मैत्रीण दरवर्षी करायची आणि मी तिच्याकडून शिकले. फारसीत आश म्हणजे दाट सूप, आणि त्या भाषेत हा शब्द इतका मुळातला आहे की स्वयंपाक्याला आशपझ म्हणतात, आश शिजवणारा, आणि स्वयंपाकघर म्हणजे आशपझखाने. म्हणजे सूप करतो तो स्वयंपाकी. मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला होता.

यात छोले, राजमा किंवा पिंटो, आणि मसूर तिन्ही असतात, तिन्हींना वेगवेगळा वेळ लागतो म्हणून मसूर सगळ्यात शेवटी. मग हिरवं, आणि हिरवं म्हणजे चिमूटभर कोथिंबीर नव्हे, पालक, पार्सली, कोथिंबीर, कांद्याची पात यांचा ढीगच्या ढीग, पातेल्यात मावणार नाही असं वाटतं इतका. तो बसला की रेश्ते, चपट्या शेवया, ज्या मुळातच खारट असतात आणि त्यांच्या पिठाने सगळं दाट होतं. म्हणजे पळीवाढी म्हणतायत ते इथेही लागू आहे, टस्कनीत पाव, हंगेरीत पीठ आणि चिपेत्के, इराणात शेवया. म्हणून मीठ शेवया शिजल्यावरच चाखून घाला.

आणि वरून तीन गोष्टी ज्यांच्याशिवाय ते आश होतच नाही. खरपूस तळलेला कांदा, तेलात क्षणभर परतलेला सुका पुदिना (क्षणभरच, करपला की कडू), आणि कश्क. कश्क म्हणजे आंबवलेलं ताक आटवून केलेला खारट आंबट पदार्थ. नाही मिळाला तर पाणी काढून घट्ट केलेलं आंबट दही आणि थोडं मीठ, तितकी खोल चव येत नाही पण चालतं. नवरोझला करतात, शेवया म्हणजे आयुष्याच्या गुंतलेल्या वाटा आणि त्या नव्या वर्षात सुटाव्यात अशी कल्पना. घरातलं माणूस लांबच्या प्रवासाला गेलं की त्याच्या मागेही आश करायची पद्धत आहे.

जॉर्जियाचं लोबिओ पण बघा रानजाई, तुमच्यासाठी अगदी योग्य कारण मांसाची गरजच नाही. लोबिओ म्हणजे जॉर्जियन भाषेत बीन्सच. लाल राजमा मऊ शिजवून अर्धा गरगटायचा, त्यात परतलेला कांदा, लसूण, भरपूर कोथिंबीर, धणे, निळी मेथी, आणि बऱ्याच घरी कुटलेला अक्रोड. अक्रोडाने जो दाटपणा आणि स्निग्धपणा येतो तो कुठल्याही साईने येत नाही. मातीच्या भांड्यात वाढतात, सोबत मचादी नावाची मक्याची जाड भाकरी आणि लोणची.

दूरदेशी

स्पेनची फाबादा कुणी लिहिली नाही अजून? अस्तुरियास प्रांतातली, मोठे लोण्यासारखे पांढरे फाबेस, चोरिझो आणि मोर्सिया ही सॉसेजं, डुकराचं मांस आणि केशर. मांसाहारी आहे पण तंत्र शिकण्यासारखं आहे. फाबेस थंड पाण्यात घालून सावकाश तापवायचे आणि शिजताना मधून मधून थोडं थोडं थंड पाणी ओतायचं, याला ते दाण्यांना "घाबरवणं" म्हणतात. उकळी मोडली की दाणा आतबाहेर सारखा शिजतो, साल अख्खी राहते असं त्यांचं म्हणणं. आणि चमचा घालायचा नाही, पातेलं दोन्ही कानांना धरून हलकं फिरवायचं.

मी पोर्तुगालमध्ये असताना आल्मेइरिमला मुद्दाम जाऊन सोपा दा पेद्रा खाल्लं, म्हणजे दगडाचं सूप. एक भटका साधू दारात येतो, म्हणतो मी दगडाचं सूप करतो मला फक्त भांडं द्या, मग थोडं मीठ असतं तर, थोडे बीन्स असते तर, एखादं सॉसेज असतं तर, असं करत करत घरातल्यांकडूनच सगळं घालून घेतो आणि शेवटी दगड धुऊन खिशात टाकतो. आता तिथे लाल बीन्स, बटाटा, सॉसेजं आणि कोथिंबीर घालून ते सूप करतात आणि वाढताना भांड्यात खरंच एक धुतलेला दगड असतो. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी मला तो पळीने काढून दाखवला, त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक अजून आठवतं.

मंद_आच

दूरदेशी, फाबादा सूप म्हणायची की रस्सा? मला ती रश्शात धरावीशी वाटते. ब्राझीलची फेइजोआदा पण तशीच.

दूरदेशी

@मंद_आच, तिकडे ती चमच्याने खायच्या पदार्थांत मोडते आणि माझ्यासाठी तेवढं पुरे आहे. ही रेषा ओढायला गेलं तर रिबोलितासुद्धा सूप राहणार नाही, ते तर काही ठिकाणी तव्यावर परतून खातात. फेइजोआदा मात्र मीही वगळेन, ती भाताबरोबरची मोठी मेजवानी आहे, तिचा रस हा मुख्य मुद्दा नाही.

मक्याचं_कणीस

अमेरिका खंड, जिथून हे दाणे आले, तोच अजून राहिलाय म्हणून लिहितो.

कोस्टा रिकाचं सोपा नेग्रा रानजाईंनी आधी करावं. काळे बीन्स शिजवून त्यांचा तो शाईसारखा रसच सूप म्हणून वापरतात, थोडे दाणे अख्खे, कांदा, ढोबळी मिरची, कोथिंबीर, आणि त्यात अंडं, उकडलेलं किंवा थेट रसात फोडून शिजवलेलं. अंडं चालत नसेल तर ठेवू नका, रस एकटाही पुरतो. आणि इथे मी भिजवायच्या पाण्याबद्दल जरा वेगळं बोलणार आहे, काळ्या बीन्सचं पाणी ओतून दिलंत तर रंगही गेला आणि बरीचशी चवही गेली. मेक्सिकोत कित्येक घरी काळे बीन्स भिजवतच नाहीत, धुऊन थेट एपाझोते नावाच्या उग्र वासाच्या पाल्याबरोबर शिजत ठेवतात. साधा_वाचक यांची काळजी रास्त आहे, पण ती खळखळून उकळण्याने भागते, मी भिजवलेल्याच पाण्यात आधी अर्धा तास जोरात उकळून घेतो.

इक्वेडोरची फानेस्का वर्षातून एकदाच, ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात. बारा प्रकारची धान्यं आणि कडधान्यं, ताजा बाकला, मटार, बीन्स, मका वगैरे, बारा म्हणजे येशूचे बारा शिष्य. दोन प्रकारचे भोपळे, दूध, शेंगदाणे, आणि खारवलेला कॉड मासा. त्यातला चोचो हा दाणा मुळात कडू असतो, तो कित्येक दिवस पाणी बदलत बदलत गोडा करावा लागतो. आणि प्रत्येक दाणा आधी वेगळा शिजवायचा, बऱ्याच घरी एकेक दाणा सोलतातही. म्हणून अख्खं घर मिळून करतं, एकट्याचं कामच नाही ते.

जमैकात लाल राजम्याला पीज म्हणजे मटार म्हणतात, त्यामुळे त्यांचं रेड पीज सूप वाचून मटार घेऊ नका. नारळाचं दूध, थाईम, याम, अख्खी स्कॉच बॉनेट मिरची जी फुटू द्यायची नाही, आणि स्पिनर्स, म्हणजे तळव्यांमध्ये वळून केलेल्या लांबट कणकेच्या वळ्या. खारं मांस असतं मुळात, पण नारळाच्या दुधामुळे त्याच्याशिवायही छान होतं.

आणि अमेरिकेच्या सिनेटच्या उपाहारगृहात तर बीन सूप कायमचं मेन्यूवर आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून. नेव्ही बीन्स, हॅम, कांदा, बस. कुणी म्हणतं आयडाहोचे सिनेटर ड्युबॉइस यांनी सुरू केलं, कुणी म्हणतं मिनेसोटाचे सिनेटर नेल्सन यांनी, आणि ड्युबॉइस यांच्या पाककृतीत दाटपणाला कुस्करलेला बटाटा आहे, पळीवाढी, तुमच्या यादीत टाका. युद्धकाळात १९४३ च्या १४ सप्टेंबरला रेशनिंगमुळे पुरेसे बीन्सच नव्हते आणि त्या दिवशी सूप झालं नाही, तर त्याचीसुद्धा पेपरात बातमी आली होती.

पळीवाढी

बटाटा टाकला! बल्गेरियाचं पण टाकते, बॉब चोर्बा, मठांमध्ये उपासाला करतात तसं बिनमांसाचं. पांढरे बीन्स, गाजर, कांदा, पाप्रिका आणि पुदिना. आणि चुब्रित्सा म्हणजे सेव्हरी, जिला जर्मन लोक चक्क "बीन्सचा पाला" म्हणतात इतकी ती बीन्सची सोबतीण आहे. तिथे पुदिना हवाच, त्याच्याशिवाय ते कुठल्याही देशाचं सूप होईल.

गोडघाशी

सगळी सूप्स तिखटामिठाचीच झाली, गोडाचीही एक दुनिया आहे. जपानमध्ये लाल अझुकीचं शिरुको किंवा झेन्झाई, दाणे साखर घालून शिजवायचे, चिमूटभर मीठ, आणि त्यात भाजलेला मोची, म्हणजे चिकट तांदळाचा कुटून केलेला गोळा. नवीन वर्षासाठी देवापुढे ठेवलेला मोची ११ जानेवारीच्या आसपास फोडून याच सूपात घालतात. दक्षिण चीनमध्ये लाल बीन्सच्या गोड सूपात सुकवलेली संत्र्याची साल घालतात, तिचा तो किंचित कडवट वास गोडाला जो उठाव देतो तो एकदा घेऊनच बघा.

आणि कोरियाचं पातजुक, हे गोड असायलाच हवं असं नाही. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, डिसेंबरच्या २१-२२ ला करतात. लाल रंगाने वाईट शक्ती पळतात असं मानतात म्हणून पूर्वी दारावर, भिंतींवर शिंपडायचेही. त्यात तांदळाच्या पिठाच्या छोट्या पांढऱ्या गोळ्या असतात, आपल्या वयाइतक्या खायच्या. अझुकीचं पहिलं उकळीचं पाणी ओतून द्यायचं एवढं लक्षात ठेवा, त्यात तुरटपणा असतो.

रानजाई

मंडळी, आज परत केलं फासोलाडा!

या वेळी राजमा मिठाच्या पाण्यात बारा तास, ते पाणी ओतलं, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून, मग झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर. कांदा, गाजर, सेलरी घातली पण टोमॅटोला हात लावला नाही. तासाभराने एक दाणा काढून फुंकर मारली तर साल कागदासारखी सुटून उलटली आणि आत कणीचा पत्ता नाही, इतकी खुश झाले. मग दोन पळ्या दाणे गरगटले, टोमॅटो घातला, आणि तेल मोजून अर्धी वाटी, हात थरथरला खरं तर पण घातलं. खदखदता खदखदता रस बदलला, पाणी दिसेनासं झालं, फिकट केशरी आणि दाट. उरलेलं तेल वाडग्यात वरून. घरात आंबट ऑलिव्ह होते ते सोबत घेतले.

कोणी काही बोललंच नाही जेवताना, आणि पातेलं रिकामं झालं. स्टॉक कशाला लागतो असं मी विचारलं होतं, तर त्या दाण्यांचाच स्टॉक होतो हे आज जिभेला कळलं.

पुढच्या रविवारी सोपा नेग्रा, त्यानंतर आश. मक्याचं_कणीस, एक विचारायचंय, काळे बीन्स न भिजवता शिजवले तर साधारण किती वेळ धरू?

मक्याचं_कणीस

वा, अभिनंदन! न भिजवलेले म्हणजे दोन तास तरी धरा, दाणे जुने असतील तर तीन. पाणी कमी झालं तर गरमच घाला आणि मीठ शेवटच्या अर्ध्या तासात घातलंत तरी चालेल. आणि रस चमच्याच्या पाठीला काळा चिकटून राहिला की समजा झालं.

मंद_आच

रानजाई, थोडं फासोलाडा उरवायला हवं होतं हो, दुसऱ्या दिवशी ते आणखी मुरतं. पुढच्या वेळी दुप्पट करा.